परक्या भाषेतली भीती

दुःख सांगावं तर मातृभाषेतच, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. त्यामुळे पुण्यात स्पॅनिश शिकवताना भावनांचे शब्द मी झटपट उरकायचे. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट असो की कोथरूडमधला खासगी क्लास, मुलं येतात ती नोकरीसाठी किंवा परदेशी जाण्यासाठी. मन मोकळं करायला घरची माणसं आहेत, असं मला वाटे. आता तसं वाटत नाही.

मत पालटलं ते हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका विद्यार्थिनीमुळे. भूतकाळाचा सराव चालला होता: काल काय केलंत? वडील दवाखान्यात आहेत, एवढं तिने अडखळत सांगितलं. मग वहीत न बघता म्हणाली, 'मे दा मिएदो.' मला भीती वाटते. 'धीर धर, होईल सगळं ठीक' असं कुणी म्हटलं नाही. तेवढं स्पॅनिश कुणाला येतच नव्हतं. सगळे नुसते ऐकत राहिले. हेच वाक्य घरी आईपुढे तोंडातून निघत नाही, असं तिने नंतर मला मराठीत सांगितलं.

कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांचा २००३चा एक अभ्यास मला तेव्हा नीट उमगला. तुर्की मातृभाषा असलेल्यांना लहानपणी ऐकलेली रागावण्याची वाक्यं तुर्कीतून ऐकवली, तर त्यांच्या त्वचेवरची प्रतिक्रिया इंग्रजीपेक्षा तीव्र दिसली. मातृभाषा अंगाला भिडते, आणि भिडते म्हणूनच कधीकधी ओठांवर येत नाही.

त्यात स्पॅनिश आपल्याला परकी असून जवळची. काळजी, भीती तिथेही 'मला' वाटते. उदास असण्याला स्वभाव सांगणारं 'सेर' नव्हे, अवस्था सांगणारं 'एस्तार' हे क्रियापद लागतं: 'एस्तोय त्रिस्ते', म्हणजे आत्ता उदास आहे, जन्माची नव्हे. लॅटिन अमेरिकेत भीतीने जडणाऱ्या आजाराला 'सुस्तो' म्हणतात. जबर दचकल्याने आत्मा देह सोडतो आणि माणूस खंगतो, अशी समजूत. आपल्याकडे माणूस धसका घेतो, हाय खातो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या डीएसएम-५ या ग्रंथात 'सुस्तो' त्याच नावाने नोंदवला आहे. आजीच्या 'धसक्या'कडेही डॉक्टरांनी इतक्याच गांभीर्याने पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

हॉटेलात जेवण मागवण्याच्या धड्याआधी मी आता 'मे प्रेओकुपा' आणि 'नेसेसितो आयुदा' शिकवते: मला काळजी वाटते, मला मदत हवी आहे. आणि कुणी असं काही बोलू लागलं, की त्याचं व्याकरण सुधारायला मध्ये पडत नाही.