तळावरची मुद्रा आणि पात्राचा रंग

जुन्या चिनी धूपपात्रांत सर्वांत नावाजलेली ती मिंग सम्राट शुआन्दे याच्या कारकिर्दीतली (१४२६–१४३५). सयामहून आलेल्या तांब्यातून १४२८ साली दरबारासाठी ती ओतवून घेतली गेली, असे परंपरा सांगते. पण ही हकीकत देणारी पात्रांची यादीच उत्तरकालीन रचना असल्याचे फ्रेंच चीन-अभ्यासक पॉल पेलिओ यांनी दाखवून दिले. तळावर सम्राटाची सहा अक्षरी मुद्रा असलेली पात्रे असंख्य आहेत. निःशंकपणे त्याच्या काळातले म्हणावे असे सर्वमान्य पात्र मात्र एकही नाही. मग विद्वानांच्या अनेक पिढ्या खोट्या शिक्क्याला भुलल्या, असे म्हणायचे का? मला ते पटत नाही. मुद्रा ही या पात्राची फार छोटी बाजू आहे.

ही पात्रे वापरायची रीत पाहा. पात्रात बारीक चाळलेली राख, राखेत पुरलेला कोळशाचा निखारा, त्यावर अभ्रकाची पातळ चकती आणि चकतीवर अगरूचा तुकडा. धूर जवळजवळ नाही, सुगंध तेवढा दरवळतो. ही मंद ऊब वर्षानुवर्षे मिळत राहिली आणि हात फिरत राहिला, की धातूवर आतून उजळल्यासारखा रंग चढतो. पात्र ओतकाराच्या भट्टीतून बाहेर पडते तेव्हा अर्धेच झालेले असते. उरलेले काम अभ्यासिकेत होते. वांग शीश्यांग (१९१४–२००९) यांच्यासारख्या विसाव्या शतकातल्या संग्राहकानेही पात्रे अशी तापवत ठेवून रंगवण्याची ही विद्या जपली, तिच्यावर लिहिले.

कोणी म्हणेल, रंगही नकली करता येतोच. खरे आहे. लिऊ तोंग आणि यू यीझंग यांच्या १६३५च्या बीजिंगवर्णनात या पात्रांच्या रंगांबरोबर नकलांचीही चर्चा आहे. पण नक्कल करणारा गिऱ्हाइकाची नजर जिथे जाते तिथेच मेहनत घेतो; रंगाची नक्कल होत होती, म्हणजे जाणकार रंग पाहत होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा सारा फुरसत असलेल्या श्रीमंतांचा शौक होता. वन झनहंग यांचा सतराव्या शतकातला अभिरुचीवरचा ग्रंथ वाचताना प्रतिष्ठेची ही चढाओढ जाणवते, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. तरीही विकत घेता येणारी वस्तू आणि रोज निगा राखूनच मिळणारा रंग यांत फरक राहतोच. संग्रहालयात असे पात्र दिसले, तर आधी त्याचा रंग नीट न्याहाळा; तळाची मुद्रा नंतर वाचा.