केडगाव तुझ्याच तालुक्यात आहे

शिरूर (घोडनदी)

चि. मनीषा हिस,


विज्ञानदिनाच्या तुझ्या भाषणाचा व्हिडिओ ताईने पाठवला. आवाज खणखणीत, मुलंही तल्लीन झालेली. पण ‘चर्च आणि विज्ञान यांचं पहिल्यापासून हाडवैर’ हे ऐकलं आणि मला राहवेना. अगं, दौंडच्या शाळेत उभी राहून तू हे बोलतेस?

गॅलिलिओवर 1633 साली खटला भरला, मरेपर्यंत त्याला नजरकैदेत ठेवलं, हा अन्यायच. त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण सूर्य मध्यभागी मांडणारा कोपर्निकस चर्चच्याच सेवेत होता, आणि गॅलिलिओ शेवटपर्यंत श्रद्धावान राहिला. फळ्यावर तू रोज तारीख लिहितेस ना, ते कॅलेंडर 1582 साली पोपनेच लागू केलं. क्लाव्हियस या जेझुइट गणितज्ञाचा त्यात मोठा हात होता. हे मुलांना कोण सांगणार?

आणि पंडिता रमाबाई? 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, की बायकांना बाई डॉक्टर हव्यात. पुढच्याच वर्षी वैद्यकी शिकायला स्वतः विलायतेला गेल्या. ऐकू कमी येई म्हणून ते राहिलं. तिथे बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. ज्या सिस्टर जेराल्डीनला त्या मानत, तिच्याशीच पत्रांतून वाद घातला: धर्मगुरू सांगतात एवढ्यावर मी मानणार नाही, मला पटलं पाहिजे. मला विचारशील तर विज्ञान इथेच सुरू होतं, दुर्बिणीत नव्हे! पुढे केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी छापखान्यात खिळे जुळवायला शिकवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः बायबल मराठीत आणलं. 1924 साली ते छापून झालं, तेव्हा बाई जाऊन दोन वर्षं झाली होती.



खरी काळजी वेगळीच आहे. तुझ्या वर्गात ख्रिस्ती मुलंही बसतात. रविवारी आईचा हात धरून चर्चला जाणाऱ्या पोरीला तुझं ते वाक्य ऐकून वाटलं असेल, की प्रयोगशाळा काही आपली नव्हे. या विचाराने रात्री झोप लागली नाही. रागावू नकोस, लहानपणापासून तू सगळं मनाला लावून घेतेस.

सुट्टी लागायच्या आत नववीच्या मुलांना केडगावला घेऊन जा. रमाबाईंचं काम दाखव, आणि ते वाक्य त्यांच्यासमोरच दुरुस्त कर.

तुझा,
मामा