एसओएस म्हणजे काय रे भाऊ?

आईच्या गुडघेदुखीच्या गोळीपुढे लिहिलं होतं, एसओएस. तिला वाटलं तातडीची गोळी, चुकवायची नाही. महिनाभर रोज दोनदा घेतली. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन २.१ आलं, तेव्हा कळलं. अहो, एसओएस म्हणजे लॅटिन 'सी ओपस सिट', गरज पडली तरच! बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. (टीडीएस म्हटलं की बाबांना पगारातली कपात आठवते.) औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा, असा नियम २०१६ पासून आहे. डोस मात्र अजून लॅटिनमध्येच. 'दुखलं तरच' लिहायला किती शाई लागते? आई आता मेडिकलवाल्याला आधी विचारते, "दादा, ही रोजची का दुखल्यावरची?"