मोटार नसलेला चिटणीस

माझ्याजवळ मोटार नाही. मला ती चालवताही येत नाही. अंधेरीच्या गाडीत दाराशी एका पायावर उभे राहण्याचे कसब तेवढे साधले आहे, आणि शाळामास्तराला तेवढे पुरते. असे असूनही आमच्या उपनगरांतल्या जुन्या फियाटवाल्यांच्या मंडळाचा मी चिटणीस आहे. ही निवड कशी झाली म्हणाल, तर मंडळातल्या प्रत्येकाला मोटारीखाली आडवे व्हायला आवडते; टेबलाशी बसायला कोणीच तयार नव्हते. "मास्तर, तुमचे अक्षर चांगले आहे, शिवाय तुम्ही कादंबऱ्या लिहिता," असे एक स्नेही म्हणाले आणि त्याच संध्याकाळी एक गंजकी ट्रंक माझ्या खोलीवर येऊन पडली.

ट्रंकेत चिठ्ठ्या होत्या. घाटकोपरच्या एका गॅरेजात मंडळाचा एक फळा टांगलेला असे. ज्याची गाडी अडे त्याने तिथे चिठ्ठी टोचावी, ज्याला उपाय ठाऊक असेल त्याने खाली लिहावा, अशी वहिवाट. फळा भरला की चिठ्ठ्या ट्रंकेत. आता नवा फळा करायचा होता आणि जुन्या चिठ्ठ्या शोधता येतील अशा लावायच्या होत्या. मी इंजिन, गिअर, ब्रेक, वीज आणि पत्रा अशी पाच पाकिटे करून बसलो. पहिलीच चिठ्ठी निघाली : 'गाडी हिच्या माहेरी जाताना तापते, परत येताना तापत नाही. काय करावे?' खाली दुसऱ्या अक्षरात, 'माहेर कोठे?' त्याखाली, 'लोणावळे.' आणि सर्वांत खाली तिसऱ्या कोणी तरी लिहिले होते, 'जाताना घाट चढता म्हणून. रेडिएटर साफ करून घ्या. सासरेबुवांचा दोष नाही.'

ही चिठ्ठी कोणत्या पाकिटात घालायची, सांगा!

या मंडळींचे वेड समजायचे तर कुर्ल्याकडे वळले पाहिजे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी डॉजसारख्या अमेरिकन, मग पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाट. त्यातल्या 1100 ला तिच्या नाकाडामुळे मुंबईकराने 'डुक्कर फियाट' म्हटले, आणि त्यात प्रेमच अधिक होते. तिची पुढची दारे उलटी उघडत. पुढे 1964 ची डिलाइट आली, 1973 ची प्रेसिडेंट, आणि मग पद्मिनी. पैसे असले तरी गाडी मिळत नसे. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची. मुलीच्या बारशाला नंबर लावला आणि तिच्या मुंजीच्या वयाच्या भावाने गाडी घरी आलेली पाहिली, असे एक गृहस्थ सांगतात. (हिशेब मी तपासलेला नाही, तो गणिताच्या मास्तरांचा प्रांत.) काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तर ती सर्वांचीच झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपताच 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

पाकिटांचे कोडे सुटेना, तेव्हा मी कुर्ल्याच्या मिस्त्रींना गाठले. तरुणपणी ते त्या कारखान्यात होते. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. माझी पाच पाकिटे पाहून ते हसले.

"मास्तर, मोटारीची दुखणी तीनच. सुरू होत नाही. सुरू होते पण चालत नाही. चालते पण थांबत नाही. गाडीवाला एवढंच सांगतो. कुठलं पाकीट ते त्याला ठाऊक असतं, तर त्यानं चिठ्ठी कशाला लिहिली असती?"

तीस वर्षे मुलांचे पेपर तपासूनही एखाद्याला सुचले नसते असे हे वर्गीकरण होते. नवा फळा त्याच तीन खणांचा केला. मग दर रविवारी मी मिस्त्रींकडे जाऊन बसू लागलो. ते सांगत, मी लिहून घेई. उन्हाळ्यात पेट्रोलपंप तापून पेट्रोलची वाफ झाली की गाडी बंद पडते, तेव्हा पंपावर ओले फडके ठेवावे. स्टिअरिंगपाशी असलेला गिअर अडकला तर दांडीशी झोंबाझोंबी करू नये. बॉनेट उघडून खालचा जोड हाताने सोडवावा, आणि झिजलेले बुश बदलावेत. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल मिसळतात. ते जुन्या रबराला सोसत नाही, तेव्हा नळ्या आणि पंपातला पडदा वरचेवर पाहावा. सुटे भाग सी. एस. टी. रोडच्या भंगारवाल्यांकडे मिळतात, पण हातात घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. एवढे सारे कागदावर उतरले. टॅपेटच्या आवाजापाशी मात्र आम्ही अडलो. "चांगल्या शिलाई मशीनसारखा यायला पाहिजे," ते म्हणाले. मी लिहिले. "तसं नाही. मशीन रिकामं चालतं तसा नाही, खाली कापड असताना चालतं तसा." मी तेही लिहिले. ते गप्प राहिले. कादंबरीत मी पावसाच्या आवाजाला दोन पाने दिली आहेत, पण या आवाजाला शब्द सापडेना.

फळ्याला पुढे चौथा खण करावा लागला : 'द्यायची आहे'. तोच आता सर्वांत भराभर भरतो. वडील गेले, मुलगा परदेशी. जुनी इमारत पाडून उंच होणार, मधल्या काळात भाड्याच्या घरी गाडी ठेवायला जागा नाही. एका चिठ्ठीत किमतीच्या जागी लिहिले होते, 'चालवणारा हवा.' या खणातल्या दुखण्यांवर मिस्त्रींजवळ उपाय नाही.

मुलुंडच्या काकांची 1964 ची डिलाइट याच खणात येते की काय, अशी गेल्या सभेत भीती होती. सरकारने 2021 साली नियम केला आहे : पन्नास वर्षांपलीकडची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी आणि मानाची वेगळी पाटी. मात्र मग ती रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, मिरवणूक, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतेच तिने बाहेर पडावे. नाही तर दर पाच वर्षांनी तपासणीला उभे राहावे, आणि फेरतपासणीतही नापास झाली की संपले. सभेत अर्ध्या मंडळींनी मानाची पाटी घ्यावी असा आग्रह धरला. काकाही वळले होते. काकू सहसा सभेत बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही निवृत्त झालात तेवढं पुरे. तिला कशाला घरी बसवता? मग गुरुवारची भाजी काय मिरवणुकीतून आणायची?"

ठराव बारगळला. मला काकूंचेच पटते, हे इतिवृत्तात लिहिण्याची चिटणिसाला सोय नाही, म्हणून येथे लिहितो.

तपासणीच्या आदल्या रविवारी काकांनी गाडी कुर्ल्याला आणली. मिस्त्री खुर्ची टाकून तिच्या तोंडाशी बसले, डोळे मिटले आणि हाताने खूण केली. काकांनी किल्ली फिरवली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी मला जवळ ओढून माझी मान बॉनेटवर वाकवली.

"आलं कानात?"

मी नाही म्हणालो.

"बंद करा," ते काकांना म्हणाले, "आणि परत लावा. मास्तरांना ऐकू द्या."