सरासरीत न दिसणारा माणूस

हिंजवडीत आम्ही पैशांइतकेच वेळेचेही बजेट करतो. बटण दाबल्यापासून सर्व्हरचे उत्तर येऊ लागेपर्यंत 800 मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला, तर गूगलच्या निकषांत ते चांगले मानले जाते. अम्मी पगाराचे किराणा, वीजबिल, फी असे वाटे करायची, तसेच आम्ही या वेळेचे करतो: नेटवर्कला 200, लॉगिन तपासायला 50, डेटाबेसला 350, पान तयार करायला 100, राखीव 100. डेटाबेसने जास्त खाल्ले की दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला कात्री लागते.

पण बजेट पाळले की नाही, हे सरासरीवरून ठरवू नका. 99 जणांना 200 मिलिसेकंदांत उत्तर मिळाले आणि एकाला 10 सेकंदांनी, तरी सरासरी 298च येते. अहवाल सुंदर दिसतो. जेकब नील्सन यांनी 1993मध्येच सांगून ठेवले आहे की एका सेकंदापर्यंत माणसाची विचारांची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर मात्र लक्षच उडते. म्हणून सीईटीच्या निकालात असतो तसा पर्सेंटाइल बघायचा. सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावायच्या आणि 95व्या, 99व्या जागी किती वेळ लागला ते पाहायचे. एक पान दहा ठिकाणांहून माहिती आणत असेल आणि प्रत्येक ठिकाणी शंभरातली एकच विनंती रखडत असेल, तरी शंभरातली जवळपास दहा पाने रखडतात.

आणखी एक फसवणूक आहे. सर्व्हरचा प्रोग्राम विनंती हातात घेतल्यावरच घड्याळ सुरू करतो; त्याआधी ती रांगेत किती वेळ उभी होती, हे त्याच्या नोंदीत येत नाही. रेशन दुकानदाराने 'मी दोन मिनिटांत धान्य देतो' म्हणावे आणि बाहेरच्या दोन तासांचा हिशोबच धरू नये, तसे हे. म्हणून वेळ वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्येही मोजावा लागतो.

मागे पडणारा हा माणूस दर वेळी नशिबानेच ठरतो असेही नाही. ज्याच्या नोंदी सर्वांत जास्त, त्याचे पान उघडायला वेळ लागतो. शेवटच्या तारखेला कोंढव्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी नेमकी गर्दीच्या वेळी येते. आम्ही मात्र चार नोंदींचे खोटे खाते घेऊन, ऑफिसच्या वेगवान नेटवर चाचणी करतो.

आता आमच्या बैठकीत सरासरीचा आकडा कुणी सांगितला, की माझा एकच प्रश्न असतो: नव्याण्णवावा किती वेळ थांबला?