तुटलेल्या बोल्टाचे पैसे

क्लचचं काम करताना मिस्त्रीच्या हातात बोल्ट तुटला, तर त्याचा भुर्दंड मिस्त्रीनेच सोसायचा, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत आलो. सरळगावच्या नाक्यावर चहा पिताना हा विषय निघाला की मी हिरिरीने गाडीमालकांची बाजू घ्यायचो. मी स्वतः पिकअपवाला, दुसरी कुठली बाजू घेणार? शिंप्याने कापड चुकीचं कापलं तर तो भरून देतोच ना, हे माझं ठेवणीतलं उदाहरण. ते मत आता मी सोडलं आहे. सगळं नाही. कुठवर सोडलं, तेही सांगतो.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे क्लच लवकर जातात. भात झोडून झाला की पेंढा, मग भट्टीच्या विटा, त्यानंतर कल्याणच्या बाजारात भेंडी. पासिंगपेक्षा जास्त माल भरायचा आणि माळशेजच्या चढावर ट्रकमागे अडकलं की हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची. पौषात म्हशाच्या जत्रेला तर सगळा रस्ताच हाफ क्लचवर चालतो. मग एक दिवस जळका वास येतो, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

प्लेट बदलणं सोपं, तिथवर पोचणं अवघड. प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, स्टार्टर काढायचा, बेल हाऊसिंगचे बोल्ट खोलून गिअरबॉक्स मागे ओढायचा. किन्हवली रस्त्याचं चार महिन्यांचं चिखलपाणी नेमकं याच बोल्टांवर उडतं. हाऊसिंग अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, इंजिनचा ब्लॉक बिडाचा. ओल लागली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी बोल्टाभोवती घट्ट बसते, आणि पुढे ब्लॉकमधल्या आट्यांत गंज. बोल्ट दोन्हीकडून धरला जातो.

माझ्या गाडीचा वरचा बोल्ट असाच अडला. मिस्त्रीने आदल्या संध्याकाळी सगळ्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी गोटी पाना लावून जरा सोडायचा, जरा परत कसायचा, पुन्हा तेल. बाकीचे एकेक करून सुटले. हा मात्र कट्‌कन वाजला आणि डोकं गोटीत राहिलं.

मी सवयीने म्हणालो, "हा तुझ्या हिशोबात धर हां."

त्याने वाद घातला नाही. गोटीतलं डोकं काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट तपकिरी, उरलेला चकचकीत दाणेदार. "आत्ता तुटला असता तर सगळाच चकचकला असता, दादा. तपकिरी आहे तिथे कधीचीच भेग आहे, आत पाणी गेलंय. माझ्या हातात नुसता वेगळा झाला."

भेग पडली कशी, हे गिअरबॉक्स उतरल्यावर कळलं. त्या बोल्टाच्या शेजारचं भोक रिकामं होतं. आत जुन्या बोल्टाची ठुशी, म्हणजे तुटून राहिलेला तुकडा, तशीच, वर मातीचा थर. मागच्या वेळी कुणीतरी तो तोडला होता आणि एक बोल्ट कमी लावून गिअरबॉक्स चढवून दिला होता. रिकाम्या भोकाचा भार शेजाऱ्याने इतके दिवस सोसला, दर खड्ड्याला थोडा थोडा वाकत. त्या गॅरेजचा मला राग आला, पण फार वेळ टिकला नाही. तुटलेल्याचे पैसे मिळणार नाहीत, उलट बोलणी खावी लागतील, हे ज्याला माहीत आहे तो काय करेल? गप्प बसेल. नाक्यावर मी जो नियम सांगत होतो, त्यातून नेमकं हेच निघणार होतं.

दोन्ही ठुशा काढायला दुपार गेली. आत्ता तुटलेल्या बोल्टाची बाहेर आलेली होती. बॅटरीची वायर सोडून त्याने ठुशीवर नट ठेवला, नटाच्या आतून वेल्डिंग भरलं, लाली उतरू दिली आणि हळूहळू पुढेमागे करत बाहेर आणली. जुनी आतच तुटलेली. "ईझी आउट लाव ना," मी शहाणपणा केला. तो म्हणाला, ते कडक पोलादाचं असतं, आत मोडलं तर साध्या ड्रिलने कापतही नाही. मग मधोमध पंच मारून लहान ड्रिल, त्यापेक्षा मोठं ड्रिल, शेवटी टॅप फिरवून आटे साफ. बोल्टाची किंमत किरकोळ. पैसे द्यायचे ते या दुपारचे. मी ते दिले. शिंप्याला आपण कापड धड देतो, मी गाडी तशी दिली नव्हती.

पण पाइपवाल्याला माझी सूट नाही. दहा एमएमचा, डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट कसायला ४५-५० न्यूटन-मीटर पुरतात. पान्याला दोन फुटी पाइप अडकवून टोकाला तीस किलोचा जोर दिला की १८०च्या आसपास जातो. ना तेल, ना बोल्ट तापवणं, थेट पाइप, अशा घाईत तुटलेला बोल्ट आजही मी मिस्त्रीच्याच हिशोबात धरतो. आता गाडी टाकतानाच ठरवून घेतो: आधी तेल, मग ताप, तरी तुटला तर मजुरी माझी, तुकडा मला दाखवायचा, भोक रिकामं सोडायचं नाही.

धाकट्या भावाला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, अशाने उद्या प्रत्येक मिस्त्री जुनीच भेग होती म्हणून सांगेल. मी म्हटलं, म्हणून तर तुकडा बघायचा. तो म्हणाला, तुकडा आपल्याच गाडीचा कशावरून? गॅरेजमध्ये डबाभर पडलेले असतात. याला मला अजून उत्तर सुचलेलं नाही.