वर न गेलेले दोन हात

मी इचलकरंजीत सूतगिरणीत कामाला आहे. रिंगखात्यात. शिक्षण दहावी नापास. बाकी जे काही शिकलो ते वाचनालयात आणि जयंतीच्या मांडवात. कविता लिहितो म्हणून आपल्या पोरांत थोडं नाव आहे. माझ्या कवितेत मुठी फार. उगारलेल्या, आवळलेल्या, आभाळाला भिडलेल्या. आज मुठीविषयी लिहीत नाही, खांद्याविषयी लिहितोय. खांदा वळला नाही तर मूठ छातीच्या वर जात नाही, हे चौदा महिने भोगून कळलं. त्यासोबत आणखी एक गोष्ट कळली. ती सांगायला लाज वाटते. म्हणूनच सांगतो.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत. धोट्यातून सूत तोंडानं ओढून काढावं लागायचं. आपल्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्यांना चालत नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. माझा आजा मुंबईला रिंगखात्यातच राबला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आजा गावी आला तो कायमचा. मीही रिंगखात्यातच लागलो. आता तिथं कुणी जात विचारून घेत नाही. ठेकेदार घेतो. स्वस्तात राबणारं कोण, एवढं त्याला बरोबर कळतं.

रिंग फ्रेमच्या माथ्यावर रोविंगच्या बॉबिन टांगलेल्या असतात. रिकामी झाली की काढायची, भरलेली अडकवायची. हात डोक्याच्या वर न्यावाच लागतो. एका पाळीत किती वेळा, कोण मोजतंय.

जुलै २०२२. रात्रपाळी. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा ओलसर ठेवतात. त्या रात्री फरशीवर एके ठिकाणी पाणी साचलं होतं. भरलेली ढकलगाडी ओढताना पाय सटकला आणि उजव्या खांद्यावर आदळलो. हाड मोडलं नाही. गल्लीतल्या डॉक्टरनं हात गळ्यात अडकवून दिला. म्हणाला, आठ दिवस ठेव, मग हळूहळू हलवायला लाग. मी दीड महिना ठेवला. भीती वाटायची. दुखतंय म्हणून हलवायचा नाही, आणि हलवला नाही म्हणून जास्त दुखायचं. रात्री त्या कुशीवर वळलो की खांद्यात कुणी तापलेली सळई घातल्यासारखं व्हायचं. उठून बसायचो.

झोळी काढली तेव्हा हात खांद्यापर्यंतसुद्धा येईना. शर्ट घालता येईना. डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतता येईना. मागं हात नेऊन पाठ खाजवता येईना. शेजारच्या मामानं हाडवैद्याकडं नेलं. त्यानं हिसका दिला. पुढचे दहा दिवस मी नुसता कण्हत होतो.

विम्याच्या दवाखान्यात गेलो. ठेकेदार दर महिन्याला पगारातून विम्याचे पैसे कापायचा. खिडकीवर कळलं, माझ्या नावाची नोंदच नाही. दोस्तांनो, बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कामगारांच्या आजारविम्याचा अडारकरांचा अहवाल त्याच काळातला, १९४४ चा. कायदा १९४८ साली झाला. हे मी भाषणात टाळ्या घेत सांगायचो. त्या खिडकीपुढं उभं राहिल्यावर माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. कायदा कागदावर होता. माझं नाव कागदावर नव्हतं. इतकी वर्षं मी कापलेले पैसे बघत होतो, नोंदीचा नंबर कधी मागितला नव्हता.

मग सरकारी दवाखाना. ऑक्टोबर उजाडला होता. तिथल्या हाडांच्या डॉक्टरनं मला हात वर करायला सांगितलं. झाला नाही. मग त्यानं स्वतः धरून उचलून बघितला. त्यालाही उचलेना. कोपर कुशीला चिकटवून पंजा बाहेर फिरवायला लावला, दार ढकलल्यासारखा. तिळभर फिरला. एक्स-रे स्वच्छ. तो म्हणाला, ह्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात, गोठलेला खांदा. सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं. ते सुजतं, जाड होतं, आकसतं. आधी दुखतं, मग आखडतं, मग हळूहळू सुटतं. वर्ष लागेल, दोन लागतील, कुणाला तीनही लागतात. तुझ्या वयात आपोआप सहसा होत नाही. तुझा लागल्यामुळं आणि बांधून ठेवल्यामुळं झाला. एरवी हा चाळीस ते साठच्या माणसांना धरतो. बायकांना जास्त. साखरवाल्यांना तर फारच.

मग सहज विचारलं, “घरात कुणाला साखर आहे का?”

म्हटलं, आईला आहे.

“तिचे खांदे कसे आहेत?”

मी म्हटलं, ठीक आहेत. ती तर रोज कामाला जाते.

हे मी न बघता बोललो.

सांध्यात एक इंजेक्शन दिलं. रात्रीचं दुखणं बरंच उतरलं. मग व्यायाम. शिकवणारी बाई माझ्यापेक्षा लहान होती. वाकून डावा हात टेबलावर टेकवायचा, उजवा खाली सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. काठी दोन्ही हातांत धरून, कोपर कुशीला ठेवून, दुखरा हात बाहेर ढकलायचा. पाठीमागून टॉवेल धरून चांगल्या हातानं वर ओढायचा. आणि भिंत. भिंतीसमोर उभं राहायचं, दोन बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची. जिथं थांबतील तिथं पेन्सिलीची खूण. आधी गरम पाण्यानं शेक. सोसेल इतका ताण, हिसका नाही. दिवसातून तीन-चार वेळा, रोज.

आमची खोली एकच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत माझी बोटं चढायला लागली. पहिली खूण माझ्या छातीच्या उंचीवर.

आई कांडी भरायच्या कामाला जाते. यंत्रमागाच्या शेडमध्ये बसून काम. मी घरी बसलो तेव्हा घर तिच्या मजुरीवर चाललं. तीच मला शर्ट घालायची, अंघोळ घालायची. पंचविशीचा घोडा मी. एका संध्याकाळी मी भिंतीवर बोटं चालवत होतो. ती भाकरी थापता थापता बघत होती. हसून म्हणाली, “मलाबी तेवढंच जमतंय बघ.”

मी म्हटलं, ये इकडं.

तिनं हात धुतले, पदर खोचला, भिंतीशी आली. डावा हात. बोटं चढली आणि खांद्याच्या खाली थांबली. माझ्या खुणेच्याही वीतभर खाली. ती उंचीनं लहान आहे, हे धरूनसुद्धा.

“आये, कधीपासनं हाय हे?”

“झाली की दोन वर्सं. आधी लई ठणकायचं. आता ठणकत न्हाई, वर जात न्हाई एवढंच.”

“मग सांगितलं न्हाईस?”

“काय सांगायचं लेकरा. काम थांबलंय व्हय माझं?”

रात्री झोप लागली नाही. खांदा दुखत नव्हता. एकेक आठवत होतं. वरच्या फळीवरचे डबे दोन वर्षांपूर्वी खाली आले होते. मी म्हटलं होतं, खोलीत पाय ठेवायला जागा नाही, डबे कशाला पसरतीस. चोळीचे हुक लावायला शेजारची मावशी यायची. मला वाटायचं, गप्पा मारायला येते. आणि कपडे वाळत घालायची दोरी. ती आईनं खाली बांधली होती. एक दिवस कामावरून आलो, दोरी गळ्याला लागली. मी चिडलो, तिच्यासमोर सोडली आणि पुन्हा उंच बांधली. ती काही बोलली नाही. त्यानंतर ती कपडे दाराबाहेरच्या दगडावर वाळत टाकायची. तेही मी रोज बघत होतो.

त्याच वर्षात मी आईच्या हातांवर कविता लिहिली होती. कार्यक्रमात म्हटली. लोकांनी पुन्हा म्हणायला लावली. त्या कवितेत तिचे दोन्ही हात आभाळापर्यंत जातात.

सकाळी उठून पहिल्यांदा दोरी खाली बांधली.

मग तिला दवाखान्यात नेलं. एक खाडा पडला, त्यावरून ती भांडली. डॉक्टर म्हणाला, आधी साखर आटोक्यात आणा. इंजेक्शन दिलं तर काही दिवस साखर वाढते, म्हणून थांबून, बघून देऊ. व्यायाम आजपासून. तेव्हापासून भिंतीवर दोन रांगा झाल्या. फोटोच्या उजवीकडं माझ्या खुणा, डावीकडं तिच्या. ती अक्षरओळख नसलेली, पण तारीख मला लिहायला लावायची. कंटाळा मलाच यायचा. ती म्हणायची, “ऊठ, दोन बोटं चालव.” कधी आठवडाभर खूण तिथंच. कधी बोटभर वर.

६ डिसेंबरला मी फोटोला हार डाव्या हातानं घातला. एप्रिल २०२३ च्या जयंतीला मिरवणुकीत एका पोरानं ओरडून विचारलं, “काय कवी, हात वर होत नाही का?” मी म्हटलं, नाही होत. त्याला वाटलं चेष्टा करतोय. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आजूबाजूच्या गर्दीत किती बायका असतील, ज्यांचा हात वर होत नाही आणि ज्यांना कुणी विचारलंही नाही.

चौदा महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ ला, मी पुन्हा फ्रेमवर गेलो. हात पूर्ण वर जातो, थंडीत थोडा अडतो. जाण्याआधी ठेकेदाराकडं विम्याचा नंबर मागितला, चौघांना घेऊन मागितला, आणि मिळेपर्यंत उभे राहिलो. आईचा हात अजून कानापर्यंतच येतो. फळीवरचा डबा तिला काढता येतो. झाकण सैल असलं तर.

दोस्तांनो, मी उपदेश करणारा कोण. तरी सांगतो. हात लागला तर डॉक्टर सांगेल तेवढेच दिवस बांधा, जास्त नाही. हिसका कुणालाही देऊ देऊ नका. विम्याचा नंबर आजच मागा. आणि मोर्च्यावरून घरी गेलात की आईला म्हणा, दोन्ही हात वर कर बघू. तिला साखर असेल तर नक्की म्हणा. ती हसेल, काही नाही म्हणेल. तरी करायला लावा.

आमची दोरी अजून खालीच आहे. मी वाकून जातो.

जयभीम.